सेल्फ फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही: पंप बदलण्याआधी हे तपासा

तुमची गाडी पेट्रोलवरची, फ्यूएल इंजेक्शनची. चालता चालता इंजिन गरम असताना बंद पडली, आता सेल्फ नेहमीसारखा फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि मेकॅनिक पेट्रोलचा पंप बदला म्हणतोय. पंप गेलेला असू शकतो, पण एवढ्या माहितीवर तो बदलू नका. इंजिन सुरू व्हायला पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि या तिन्हींची वेळ जुळावी लागते. यातलं काय गायब आहे ते आधी शोधा.

सुरुवात कानाने करा. सेल्फ मारल्यावर इंजिनाचा आवाज ठेक्यात यायला हवा, कारण प्रत्येक सिलिंडर दाबाला आला की सेल्फवर थोडा भार येतो. तो ठेका नाहीसा होऊन इंजिन एकसारखं, नेहमीपेक्षा वेगाने भिरभिरत असेल तर टायमिंग बेल्ट (वॉल्व आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) तुटल्याची किंवा घसरल्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारू नका; बऱ्याच इंजिनांत वॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात. ठेका आहे पण फिरणं मंद आहे, तर बॅटरी बघा. सेल्फ चालू असताना तिच्या टोकांवर निदान ९.६ व्होल्ट मिळायला हवेत. त्याखाली गेलं की सेल्फ कसाबसा फिरतो, पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मात्र बंद पडू शकतो.

आता फक्त किल्ली ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही तर बहुधा ईसीयूला वीजच पोचत नाही: मेन रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), फ्यूज आणि अर्थची वायर बघा. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला तर किल्ली ओळखली जात नाहीये. दुसरी किल्ली लावून बघा. बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर सेल्फ अडवत नाही, फक्त इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) किंवा इग्निशन (ठिणगी) बंद ठेवतो, म्हणून लक्षण अगदी तुमच्यासारखंच दिसतं.

किल्ली ऑन केल्यावर टाकीकडून साधारण दोन सेकंद पंपाची गुणगुण यावी. (काही गाड्यांत ती दार उघडताच होते, काहींत सेल्फ मारल्यावरच.) आली नाही तर फ्यूज बघा, रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा, आणि गाडीत धक्क्याने पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असेल तर तोही. मग पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावा. पंप चालायला हवा त्या क्षणी तिथे बॅटरीइतके व्होल्ट आणि चांगली अर्थ मिळूनही पंप गप्प असेल, तरच तो गेला म्हणायचं.

गरम असताना बंद पडलेल्या गाडीत माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर असतो. इंजिन फिरतंय हे ईसीयूला मुख्यतः या सेन्सरमुळेच कळतं. सिग्नल नसेल तर बहुतेक गाड्यांत ना ठिणगी पडते, ना इंजेक्टर उघडतो. शिवाय ईसीयू पंपही सुरुवातीच्या दोन सेकंदांनंतर थांबवतो. सेल्फ मारताना पंप बंद दिसतो आणि चांगल्या पंपावर खापर फुटतं. स्कॅनर (ईसीयूची माहिती वाचणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना आरपीएम बघा. १५० ते २५० च्या आसपास दिसले तर सेन्सर तूर्त काम करतोय. शून्यच राहिले तर सेन्सर, त्याची वायर, कनेक्टरमध्ये शिरलेलं तेल, टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा हे सगळं तपासा. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड मिळाला तर उत्तमच, पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. उष्णतेने बंद पडणारा सेन्सर गार झाला की पुन्हा चालतो, म्हणून तपासणी गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच करा. आणि तीन वायरींचा हॉल सेन्सर (इलेक्ट्रॉनिक प्रकारचा) ओहममीटरने तपासू नका. त्याचा वीजपुरवठा आणि सिग्नल बघावा लागतो.

आरपीएम दिसतात तरी इंजिन पकडत नाही? मग ठिणगी. त्यासाठी स्पार्क टेस्टर वापरा. प्लगची वायर हातात धरून बघू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. काढलेला प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, किंवा इंजिन फ्लड झालंय, म्हणजे त्यात जास्तीचं पेट्रोल साचलंय. फ्लड झालं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत तेव्हा पेट्रोल बंद होतं आणि सिलिंडर कोरडे होतात. वारंवार फ्लड होत असेल तर स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाचा. थंड इंजिनाला ते उणे ४० दाखवत असेल तर त्या सेन्सरची वायर तुटली आहे, आणि कडाक्याची थंडी समजून ईसीयू भरमसाट पेट्रोल ओततोय.

पंप चालतो म्हणजे पेट्रोलला दाबही आहे असं समजू नका. साध्या पोर्ट इंजेक्शनला साधारण ३ ते ४ बार लागतात. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर हाय प्रेशरच्या पाइपाला हात लावू नका.

इथवर सगळं बरोबर निघालं तर कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, इंजेक्टर आणि इग्निशन डिसकनेक्ट करा, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवा आणि प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार यावेत. सगळेच सिलिंडर सारखेच कमी निघाले तर टायमिंग घसरलेलं असण्याची शक्यता जास्त, शेजारचे दोनच कमी असतील तर हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरच्या जोडातलं सील) फुटलेलं असू शकतं.

हे सगळं करताना सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. नाहीतर सेल्फची मोटर तापते, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) साचून इंजिन सुरू झाल्यावर तो खराब होऊ शकतो.