घरचा टॉर रिले : लाइन, वीज आणि डेटाचे प्रश्न

टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरण्याची सोय. तिचं जाळं स्वयंसेवकांनी स्वखर्चानं चालवलेल्या हजारो रिलेंवर, म्हणजे डेटा पुढे पाठवणाऱ्या संगणकांवर, उभं आहे. वापरणाऱ्याचा डेटा साधारणपणे तीन रिलेंतून जातो. तो कोणाकडून आला हे पहिल्याला म्हणजे 'गार्ड'ला कळतं, कुठे चालला हे शेवटच्याला म्हणजे 'एक्झिट'ला कळतं; दोन्ही गोष्टी एकाच रिलेला कळत नाहीत. ज्यांना नाव उघड न करता बोलायचं आहे, त्यांचा सगळा भरवसा या रिलेंवर असतो. म्हणूनच रिले नुसता सुरू करून भागत नाही, तो नीट सांभाळावा लागतो. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : घरी १०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर टॉर टाकला, राउटरमध्ये पोर्ट ९००१ फॉरवर्ड केला, म्हणजे त्यावर बाहेरून येणारी जोडणी पायकडे वळवली. तरी ओआरपोर्टपर्यंत (रिलेकडे येणाऱ्या जोडण्यांच्या पोर्टपर्यंत) बाहेरून पोचता येत नाही, अशी सूचना लॉगमध्ये पुन्हा पुन्हा येते. — वाचक, लातूर

सेटिंगला हात लावण्याआधी पत्ता तपासा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनपुढे (बाहेरच्या जोडणीपुढे) जो आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे चार आकड्यांचा इंटरनेट पत्ता, दिसतो, तो लिहून घ्या. मग आपला आयपी दाखवणारी कोणतीही साइट उघडा आणि दोन्ही पत्ते ताडून पहा. ते वेगळे असतील आणि राउटरमधला पत्ता १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तुमची लाइन कॅरिअर ग्रेड नॅटच्या मागे आहे. काही ठिकाणी तिथे १० ने सुरू होणारा पत्ताही दिसतो. म्हणजे कंपनीनं एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक घरं बसवली आहेत. बाहेरून येणारं कनेक्शन कंपनीच्या यंत्रापाशीच अडतं, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग पोर्ट फॉरवर्ड कितीही नीट केला तरी उपयोग शून्य. आयपीव्ही६ मिळत असलं तरी तेवढ्यावर रिले चालत नाही, त्याला सार्वजनिक आयपीव्ही४ लागतोच.

यावर एक उपाय म्हणजे कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घेणं. त्याचे दरमहा वेगळे पैसे पडतात. त्याआधी घरगुती प्लॅनच्या अटींत सर्व्हर चालवायला मनाई नाही ना, हे वाचून घ्या. दुसरा उपाय स्नोफ्लेक, आणि तुमच्या लाइनसाठी आम्ही तोच सुचवू. स्नोफ्लेक प्रॉक्सी नॅटच्या मागूनही चालतो, पोर्ट उघडावा लागत नाही. ज्या देशांत टॉर अडवला जातो, तिथल्या माणसांना तो टॉरच्या दारापर्यंत आणून सोडतो. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीपासून त्याचं तयार पॅकेज मिळतं. दर तासाला किती जोडण्या झाल्या याची एक ओळ लॉगमध्ये येते, तेवढी पाहिली की पुरे. हे काम रिलेपेक्षा कमी मोलाचं मानू नका.

दोन्ही पत्ते एकच निघाले तर दोष घरातच आहे. राउटर रीस्टार्ट झाल्यावर पायचा अंतर्गत पत्ता बदलतो आणि फॉरवर्डचा नियम जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीत) तो पत्ता कायमचा राखून ठेवा. पायवर फायरवॉल असेल तर तिथेही पोर्ट उघडा. पोर्टची चाचणी घरच्या वायफायवरून घेऊ नका. बरेच राउटर आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याकडे जाऊ देत नाहीत, त्यामुळे उत्तर खोटं मिळतं. मोबाइल डेटावरून पहा. दुरुस्तीनंतर लॉगमध्ये यशाची ओळ यायला २० मिनिटांपर्यंत लागू शकतात. आणि डेबियनवर नुसत्या 'टॉर' सेवेची स्थिती पाहून फसू नका. ती टॉर बंद पडलेला असतानाही 'ॲक्टिव्ह, एक्झिटेड' दाखवते. खरी सेवा 'टॉर@डिफॉल्ट' या नावाची असते, लॉगही तिचाच वाचा.

प्रश्न : आमच्याकडे दिवसातून दोनदा वीज जाते. वीज आल्यावर पाय सुरू होतो, पण टॉर घड्याळाबद्दल तक्रार करतो. गेल्या महिन्यात मेमरी कार्डच खराब झालं. — वाचक, अंबाजोगाई

पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. बंद होताना जी वेळ साठवली असेल, तिच्यापासून तो पुन्हा मोजायला लागतो आणि इंटरनेट आल्यावरच खरी वेळ घेतो. वीज आल्यावर राउटरला जोडणी घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. पाय त्याआधीच उठतो आणि चुकीच्या वेळेनिशी टॉर सुरू होतो. टॉरमध्ये प्रमाणपत्रांपासून जाळ्याच्या दर तासाच्या यादीपर्यंत सगळं वेळेवर बांधलेलं असल्यानं काही तासांचा फरकही चालत नाही. वेळ जुळेपर्यंत टॉरनं थांबावं, अशी अट सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या भागात) घाला आणि त्यासाठी 'सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक' ही सेवा चालू करा. पक्का उपाय हवा असेल तर डीएस३२३१ हे छोटं घड्याळ-मॉड्यूल पायच्या पिनांवर बसवा. त्याला नाण्याएवढा सेल लागतो.

कार्ड खराब होतं ते लिहिणं चालू असताना वीज गेल्यानं. टॉर आणि सिस्टिमचे लॉग रॅममध्ये ठेवा. जमलं तर कार्डाऐवजी यूएसबीवरच्या एसएसडीवरून पाय सुरू करा. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे टॉरच्या डेटा फोल्डरमधलं 'कीज' हे फोल्डर आजच पेन ड्राइव्हवर उतरवून कुलूपबंद ठेवा. रिलेची ओळख त्या किल्ल्यांत असते. कार्ड गेलं तरी किल्ल्या असल्या की नव्या कार्डावर तोच रिले उभा राहतो. त्या गेल्या तर इतक्या महिन्यांची पत गेली आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. पण याच किल्ल्या दुसऱ्याच्या हाती पडल्या तर तो तुमचा रिले म्हणून वावरू शकतो, म्हणून क्लाउडवर त्या उघड्या ठेवू नका.

आता विजेचा हिशेब. राउटर साधारण १२ वॉट, पाय ६ वॉट, मिळून १८ धरा. बाजारातल्या लहान राउटर-यूपीएसमध्ये २००० एमएएचचे तीन सेल असतील तर एकूण २२ वॉट-तास होतात. घट वजा जाता ते तासभर टिकतील. चार तास काढायचे तर ७२ वॉट-तास, आणि घट धरून ८५ तरी लागतात. त्यासाठी १२.८ व्होल्ट, १२ एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आरामात पुरते. घरी १५० एएचचा इन्व्हर्टर असेल तर नवीन काही घेऊ नका. त्याच्या मागचा स्विच तेवढा 'यूपीएस' मोडवर आहे का पहा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जो क्षणाचा खंड पडतो, तेवढ्यातही पाय रीस्टार्ट होऊ शकतो.

बॅटरीवर खर्च करण्याआधी एक चाचणी घ्या. वीज गेली असताना राउटर इन्व्हर्टरवर चालू ठेवा आणि इंटरनेट टिकतं का पहा. काही गावांत केबलवाल्याच्या गल्लीतल्या डब्यात विजेवर चालणारा स्विच असतो. त्याला बॅकअप नसेल तर तुमच्या घरात कितीही बॅटऱ्या असोत, लाइन बंदच राहणार.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पाय ठेवू नका. ८० अंशांना तो स्वतःहून वेग कमी करू लागतो. हीटसिंक आणि छोटा पंखा लावा.

प्रश्न : व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) रिले टाकून १५ दिवस झाले. वेग १०० एमबीपीएस आहे, पण वापर नगण्य. पुन्हा इन्स्टॉल करू का? — विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

अजिबात नको. पहिले तीन दिवस नव्या रिलेचा वेग कोणी मोजलेला नसतो, म्हणून त्याच्याकडे मुद्दाम थोडंच काम येतं. त्यानंतर मोजणारे सर्व्हर हळूहळू त्याचं वजन वाढवतात. आठव्या दिवसानंतर, वेग आणि सातत्य पुरेसं असेल तर, गार्डचं चिन्ह मिळू शकतं, आणि नेमकं तेव्हाच वापर एकदम उतरतो. कारण आता तुमच्याकडे पहिल्या टप्प्याचा रिले म्हणून पाहिलं जातं आणि मधल्या टप्प्याचं काम कमी येतं. वापरणारे मात्र आपला गार्ड काही महिने बदलत नाहीत, म्हणून नव्या गार्डकडे माणसं सावकाश वळतात. दोन-अडीच महिने धीर धरा. पुन्हा इन्स्टॉल करताना किल्ल्या बदलल्या तर सगळं पहिल्या दिवसावर येतं.

प्रश्न : प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी आहेत. रिलेला १६ एमबीपीएस दिले, तर ते १० तारखेलाच संपले. — वाचक, नांदेड

आकडे मांडून पाहू. १६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट. दिवसाला एका दिशेनं १७२.८ जीबी, येणारा आणि जाणारा धरून ३४५. म्हणजे ३३०० जीबी दहा दिवसांत संपणारच.

घरासाठी ८०० ठेवा, उरले २५००. टॉरआरसी या टॉरच्या सेटिंग फाईलमध्ये 'अकाउंटिंगमॅक्स' ही मर्यादा नेहमीच्या नियमानुसार प्रत्येक दिशेला वेगळी लागू होते. इथे २५०० लिहिलं तर दोन्ही दिशांनी मिळून ५००० जातील. १२५० हा बरोबर आकडा, पण डेटाच्या पाकिटांवरच्या टीसीपी-आयपी वेष्टनाचे बाइट टॉर मोजत नाही आणि कंपनी मोजते, म्हणून ११०० लिहा. 'अकाउंटिंगस्टार्ट' (मोजणी सुरू होण्याची वेळ) तुमच्या बिलाच्या तारखेला जुळवा. फाईलमध्ये बिट आणि बाइट यांचा घोळ होऊ देऊ नका, तो आठपटीचा असतो.

कोटा महिनाभर पुरावा म्हणून वेग अगदी तळाला नेणं आम्हाला पटत नाही. दिवसातले काही तास वेगानं चालणारा रिले हा सदैव रखडणाऱ्या रिलेपेक्षा उपयोगी, असंच टॉरच्या मॅन्युअलमध्येही म्हटलं आहे. मर्यादा महिन्याऐवजी दिवसाला लावलीत तर रिले रोज काही काळ हजर राहील.

प्रश्न : रिले सुरू केल्यापासून घरच्या लाइनवर बँकेची साइट उघडत नाही. मी एक्झिट ठेवलेला नाही. एक्झिट सुरू करावा का, हेही सांगा. — वाचक, परभणी

सगळ्या रिलेंचे पत्ते सार्वजनिक यादीत असतात. काही साइट एक्झिट कोणता आणि मधला कोणता हे न पाहता अख्खी यादीच अडवतात. घरी ब्रिज, म्हणजे यादीत न छापलेला प्रवेशाचा रिले, किंवा स्नोफ्लेक चालवा, त्यांचे पत्ते त्या यादीत येत नाहीत. ब्रिजसाठी मात्र नवा आयपी मागून घ्या, कारण जुना पत्ता आधीच उघड झाला आहे. आणि ब्रिजला पोर्ट ९००१ देऊ नका. तो टॉरचा म्हणून ओळखीचा असल्यानं अडवणारे आधी तोच चाचपतात.

एक्झिट घरून नको. त्यातून कोणी काहीही केलं तरी समोरच्या साइटला पत्ता तुमच्या घराचा दिसतो, आणि चौकशी आली तर ती घरच्यांच्या दारात येते. एक्झिट चालवायचाच असेल तर डेटा सेंटरमध्ये, त्यांची लेखी परवानगी घेऊन आणि वकिलाशी बोलून. तिथे त्या पत्त्यावर दुसरं काहीही ठेवू नका, आणि टॉरआरसीत 'कॉन्टॅक्टइन्फो' पुढे रोज पाहिला जाणारा ईमेल द्या.