खलनायकाची 'प्रेरणा' की 'डूख'?

परळच्या एका वाचकांनी मराठीत अद्भुतकादंबरी लिहायला घेतली आहे. तिच्यातला खलनायक म्हणजे समुद्रातला एक असुर. अठराव्या शतकात, गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, मुंबईतल्या महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं समुद्राचं खिंडार बांध घालून बुजवलं गेलं आणि त्याची जागा गेली. आता त्याला ती परत हवी आहे. मसुदा वाचलेल्या मित्रांचं म्हणणं असं की 'खलनायकाची प्रेरणा व्यामिश्र नाही', म्हणजे पुरेशी गुंतागुंतीची नाही, त्यामुळे वाचून समाधान होत नाही. वाचकांचे प्रश्न दोन: इथे 'प्रेरणा' हा शब्द चालेल का, आणि ती व्यामिश्र असायलाच हवी का?

आधी शब्द. 'प्रेरणा' व्युत्पत्तीने चुकीचा नाही. मुळात अर्थ चालना देणं, पुढे ढकलणं एवढाच. पण मराठीत रुळताना तो चांगल्याच्या बाजूला गेला. प्रेरणास्थान, प्रेरणादायी, 'वडिलांपासून प्रेरणा मिळाली'. 'असुराची प्रेरणा' वाचलं की मनात पहिल्यांदा येतं ते 'त्याला कोणी बरं स्फूर्ती दिली?' म्हणून इथे तो नको.

'हेतू' चालतो, पण तो पुढे बघणारा शब्द आहे. काय साधायचंय, ते हेतू. मागे काय घडलं, मनात काय रुतून बसलं, हे त्यात येत नाही. त्यासाठी मराठीत शब्दांची रांगच आहे आणि त्यातला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. खुन्नस नाक्यावरची, नजरेला नजर भिडली की दिसणारी. आकस ऑफिसातला, तो तोंडावर गोड बोलतो आणि बढतीच्या वेळी फाईल दाबून ठेवतो. असूयेला दुसऱ्याचे गुणच खुपतात. हाव कोणावर रागावलेली नसते, तिला फक्त आणखी हवं असतं. सूड हिशेब चुकता झाला की संपतो.

आणि डूख. दुखावलेला साप माणूस ओळखून ठेवतो, वर्षानुवर्षं वाट बघतो आणि गाठून चावतो, या समजुतीतून आलेला हा शब्द. सापाला अशी आठवण नसते, पण भाषेने तो गुण माणसात अचूक टिपला. डूख 'धरावा' लागतो. राग येतो, मत्सर वाटतो, सूड घेतला जातो. डूख मात्र धरून ठेवायचा असतो, रोज, न विसरता. त्या एका क्रियापदात खलनायकाचा सगळा दिनक्रम आला. तुमच्या असुरासाठी मला याहून नेमका शब्द सुचत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि माझं मत सरळ सांगतो: नाही, व्यामिश्र असायलाच हवी असं अजिबात नाही. हेतू एका शब्दात सांगता आला तरी हरकत नाही. मात्र तो शब्द त्या पात्राच्या प्रत्येक कृतीत उतरलेला दिसला पाहिजे. वाचकाला समाधान मिळतं ते तिथे.

संस्कृत नाट्यशास्त्रात खलनायकासाठी 'प्रतिनायक' ही संज्ञा आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाने 'दशरूपका'त त्याचं लक्षण दिलं आहे: लुब्ध, धीरोद्धत (गर्विष्ठ, उद्दाम), स्तब्ध, पापकृत्, व्यसनी, आणि नायकाचा शत्रू. यातल्या 'स्तब्ध'शी थोडं थांबायला हवं. मराठीत आपण स्तब्ध म्हणतो तेव्हा निःशब्द, जागच्या जागी थबकलेला असा अर्थ घेतो. इथे अर्थ आहे ताठर, न वाकणारा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा पीळ. धनंजयाच्या यादीत प्रतिनायकाचं बालपण नाही, त्याच्यावर झालेला अन्याय नाही. माणूस कसा आहे एवढंच आहे. पसायदानातही 'खळांची व्यंकटी सांडो' असं मागणं आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. तो कुठून आला याची चौकशी ज्ञानदेव करत नाहीत, तो गळून पडावा एवढंच मागतात.

'पण आपला दुर्योधन बघा, किती गुंतागुंतीचा!' असं कोणीतरी म्हणेलच. मला उलट वाटतं. त्याच्या मनातली गोष्ट एकच आहे: पांडवांचं वैभव बघवत नाही. गुंतागुंत आहे ती प्रसंगांत. महाभारताच्या सभापर्वात, मयासुराने पांडवांसाठी बांधलेल्या सभेत तो स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रं वर धरतो. मग खऱ्या पाण्याला जमीन समजून अंगावरच्या कपड्यांनिशी पडतो आणि भीम हसतो. पुढे बंद दार उघडं वाटून त्यावर कपाळ आपटतं. या सगळ्यात मला सर्वांत बोचरा वाटणारा तपशील असा की युधिष्ठिर राजाच्या आज्ञेने सेवक त्याला चांगली कोरडी वस्त्रं आणून देतात. हसणं एक वेळ सोसवेल, पण ज्याचा हेवा वाटतो त्याच्याच घरचे कपडे अंगावर चढवायचे! नंतर तो बापाला म्हणतो, 'असंतोषः श्रियो मूलम्', असंतोष हेच वैभवाचं मूळ, म्हणून मला तो हवाच. लपवाछपवी नाही, सबब नाही. हेतू इतका साधा, आणि आपण शतकानुशतकं त्याच्याबद्दल बोलतो आहोत.

याच्याही पलीकडे जाता येतं. कोकणातून आलेल्या माणसांनी गिरणगावात दशावतार आणला. त्यातला संकासुर आठवा: अंगभर काळा वेश, बाहेर लोंबणारी लाल जीभ, मालवणी बोलणं. त्याने वेद चोरले. का चोरले, हे एकही प्रेक्षक विचारत नाही. तो आला की पोरं आधी घाबरतात, मग हसतात, आणि विष्णूच्या हातून तो मारला गेला की खेळ पुरा झाल्यासारखा वाटतो. संकासुराला हेतू लागत नाही, कारण त्याच्या वागण्यात कुठे फट नाही.

वाचक 'का?' विचारतो तो फट दिसली की. फौजदारी खटल्यांतही असंच आहे. 1872च्या पुरावा कायद्याच्या आठव्या कलमात हेतू हा संबद्ध पुरावा मानला होता. पण भरवशाचा प्रत्यक्ष साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला पडत नाही, आणि परिस्थितिजन्य पुराव्यावर मदार असेल तर हेतूला वजन येतं. कादंबरीचा वाचक हा प्रत्यक्ष साक्षीदार असतो. असुर काय करतो हे त्याला समोर दिसत असेल आणि ते पटत असेल, तर त्याला कारणमीमांसा नको असते. कृती पटली नाही की मग तो हेतूची मागणी करतो. तुमचे मित्र 'प्रेरणा व्यामिश्र नाही' म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना कुठलीतरी एक कृती खटकलेली आहे. कुठली, ते त्यांना विचारा.

लेखकाला मात्र सगळं ठाऊक असावं. इंग्रज लेखक टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी कादंबरी 1954–55मध्ये आली. तिच्यातला खलनायक सॉरॉन वाचकाला जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती त्याची सावली आणि त्याची सत्तेची हाव. पण सॉरॉनला मुळात सुव्यवस्थेची आवड होती, गोंधळ आणि वाया जाणारी धडपड त्याला खपत नसे, हे टोल्किनने टिपणांत लिहून ठेवलं होतं. ती टिपणं लेखकाच्या मृत्यूनंतर छापली गेली. तोवर कोट्यवधी वाचकांना सॉरॉन पुरेसा भीतिदायक वाटला होताच.

तुम्ही कळवलंत की मित्रांच्या सांगण्यावरून असुराच्या पोरकेपणाचं एक प्रकरण जोडलं आहे. माझ्या मते ते काढा. ज्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, तिथे 'माझी जागा भरावाखाली गेली' हे कारण कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. त्याऐवजी बांधाचं प्रकरण वाढवा. महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका तुम्हाला माहीत असेलच: बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, मग स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि नंतर काम टिकलं. ढासळवणारा कोण, हे आख्यायिका सांगत नाही. तो तुमचा असुर असू द्या. दर भरतीला तो कुठला दगड आधी हलवतो, आणि शेवटचा दगड हलेना तेव्हा काय करतो, ते लिहा. आणि मलपृष्ठावर 'त्याची प्रेरणा होती' ऐवजी 'त्याने डूख धरला' असं छापा.