ओझरचा प्लॉट आणि डावणीची वही

पत्र:
प्रिय मावशी, मी निफाड तालुक्यातली, नुकतीच बारावी सायन्सला गेले. दहावीला ९६.२ टक्के, अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत १६०० पैकी १४८०, अकरावीत कॉलेजात पहिली. मला हार्वर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन किंवा स्टॅनफर्डला शिकायचं आहे. नाशिकच्या एका सल्लागारांनी सहा लाख फी सांगितली. जगातल्या पहिल्या वीसपैकी एका विद्यापीठाची हमी देतो म्हणाले. माझ्या नावाने एक शोधनिबंध छापून आणणार आणि एक सामाजिक संस्थाही काढून देणार. बाबा पतसंस्थेत नोकरीला आहेत, वर्षाला नऊ लाख मिळतात. ते ओझरचा प्लॉट विकायला निघालेत. मामेभावाच्या लग्नात त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, पोरगी हार्वर्डला चालली. एका वेबसाइटवर मार्क भरले तर १४ टक्के चान्स दाखवला, दुसरीवर ४. मावशी, खरं सांगा, माझे चान्सेस किती?
ता. क. दोन वर्षं मी काकांच्या द्राक्षबागेत रोज पहाटे पानं ओली आहेत का ते वहीत लिहिते. मोबाइलवर फवारणीचा जो सल्ला येतो तो आपल्या बागेला लागू पडत नाही, असं काका म्हणायचे म्हणून सुरू केलं. नाल्याकडच्या ओळींत डावणी, म्हणजे तो पानांवरचा बुरशीचा रोग, आधी येते. पण हे काही ॲक्टिव्हिटीत धरत नसतील ना?
– श्रुती (नाव बदललं आहे)

प्रिय श्रुती,

तू आकडा विचारलास, तर आधी आकड्याचंच बोलू. २०२४ च्या प्रवेशात हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार गेला. शंभरात साडेतीन. एमआयटीकडे अठ्ठावीस हजारांवर अर्ज, होकार पावणेतेराशे. शंभरात साडेचार.

पण तुझ्या वाट्याला हे साडेतीनही येत नाहीत. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर झालेल्या खटल्यात जी माहिती कोर्टापुढे आली, तीत दिसलं की खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांच्या ओळखीतली मुलं आणि तिथल्या प्राध्यापकांची मुलं ही सगळी मिळून अर्जदारांत शेकडा पाचच्या आसपास असतात आणि प्रवेश मिळालेल्यांत शेकडा तीसच्या आसपास. यातलं एकही दार तुझ्यासाठी उघडं नाही. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाही, पण तिथे परदेशी मुलं अख्ख्या वर्गात दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तेवढ्या जागांसाठी सगळं जग रांगेत. तेव्हा त्या १४ टक्केवाल्या वेबसाइटला विसर. तू शंभरात एक-दोन धरून चाल. हा माझा अंदाज आहे, पण अठ्ठावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून, अशा मुलांची शिफारसपत्रं लिहून आलेला अंदाज आहे.

आता तुझ्या मनात येईल, मार्क वाढवले तर? त्याच खटल्यातला आणखी एक हिशेब सांगते. २०१९ ला पदवीधर झालेल्या तुकडीसाठी अमेरिकेतूनच सुमारे २६ हजार अर्ज होते. त्यात आठ हजारांवर मुलांचे शाळेतले गुण पैकीच्या पैकी, आणि साडेतीन हजारांच्या आसपास मुलांना सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी. जागा होत्या साधारण सोळाशे. अशा गर्दीत मार्कांनी फक्त अर्ज वाचला जातो, निवड पुढे होते. तुझे १४८० चांगले आहेत, तरी या चार ठिकाणी दाखल होणाऱ्या बहुतेकांचे १५०० च्या वर असतात. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डने सॅट पुन्हा सक्तीची केली आहे. ऑगस्ट किंवा ऑक्टोबरमध्ये एकदा अजून दे. एकदाच. मग त्या परीक्षेचं नाव काढू नकोस, बोर्डाचं वर्ष आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चान्सेस किती हे तू एकदा विचारलंस, पण प्लॉट आणि मामेभावाचं लग्न यांवर किती ओळी खर्चल्यास बघ. नकार आला तर बाबांना तोंड कसं दाखवू, ही खरी भीती आहे ना? म्हणून प्लॉटचं नीट मांडते. हे बाबांना वाचून दाखव.

हार्वर्डचा २०२४-२५ चा राहण्याजेवणासकट खर्च ८२,८६६ डॉलर होता. आपल्या पैशात सत्तर लाखांच्या आसपास, तोही एका वर्षाचा. चार वर्षांचे पावणेतीन कोटी. ओझरचा प्लॉट कितीही चांगल्या भावाने गेला तरी यात किती महिने निघतील? आता दुसरी बाजू बघा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ आणि ॲम्हर्स्ट ही कॉलेजं परदेशी मुलांची निवड करताना पैशाची गरज बघत नाहीत, आणि निवड झाली की जेवढी गरज असेल तेवढी सगळी भरून देतात. कर्ज नव्हे, अनुदान. २०२५-२६ पासून हार्वर्डने वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत केलं आहे. तुमचे नऊ लाख रुपये म्हणजे दहा-अकरा हजार डॉलर. प्लॉटची माहिती आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये विचारतात. ती लपवायची नाही, खरी किंमत लिहायची. पण तेवढ्या प्लॉटपायी मदत नाकारली जाईल असं समजू नका.

थोडक्यात, प्रवेश मिळाला तर प्लॉट विकायची गरज नाही, आणि मिळाला नाही तर विकायचं कारणच उरत नाही. मग तो विकायचा कशासाठी? फक्त त्या सल्लागाराचे सहा लाख भरायला. बाबांनी तो प्लॉट कसा घेतला असेल ते मला न सांगताही कळतं. तो आहे तिथे राहू दे.

स्टॅनफर्डचं मात्र वेगळं आहे. परदेशी मुलाने मदत मागितली की निवडीच्या वेळी ती बाब तिथे विचारात घेतात. कोलंबिया, कॉर्नेल, पेन्सिल्व्हेनियातही तसंच. म्हणून तुझी यादी नावावरून न करता मदतीवरून कर. स्टॅनफर्ड काढ, ॲम्हर्स्ट आणि डार्टमथ घाल. ॲम्हर्स्टचं नाव लग्नात कुणाला माहीत नसेल, पण लहान कॉलेज आहे, प्राध्यापक जवळून शिकवतात. अर्जाची फी जड जात असेल तर माफी मागता येते, त्यात कमीपणा नाही.

आता ते सल्लागार. मला राग आला आहे आणि तो मी झाकणार नाही. हमी कुणीच देऊ शकत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये अशीच हमी विकणाऱ्याचं बिंग फुटलं. खोट्या परीक्षा, खोटे खेळाडू. पैसे भरणारे कित्येक आईबाप तुरुंगात गेले आणि पुढे तो सल्लागारही. तुझ्या नावाने दुसऱ्याने लिहिलेला निबंध छापायचा आणि तू कधी पाय न ठेवलेली संस्था काढायची, यासाठी सतरा वर्षांच्या मुलीच्या बापाकडून सहा लाख घ्यायचे? प्रवेश झाल्यावरही खोटं सापडलं तर तो रद्द होतो. ते सापडलं नाही, तरी ते तुझ्याजवळ राहील. त्यांना नाही म्हणून सांगा, आजच.

आणि आता ता. क. कडे येऊ. हे तू शेवटी, जवळजवळ माफी मागत लिहिलं आहेस. बाळा, तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे.

बहुतेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जात (कॉमन ॲप) दहा ॲक्टिव्हिटी लिहायला जागा असते आणि प्रत्येकीला दीडशे अक्षरं; एमआयटीचा अर्ज वेगळा असतो. बहुतेक मुलं तिथे अध्यक्ष, सचिव, संस्थापक असं भरतात. तू सरळ लिही: काकांच्या द्राक्षबागेत दोन वर्षं रोज पहाटे पानांच्या ओलाव्याची आणि डावणीची नोंद, नाल्याकडच्या ओळींत रोग आधी. अर्ज इंग्रजीत जाणार हे खरं, पण आधी मराठीत अशीच लिहून बघ. एकही विशेषण लागत नाही. रोज पहाटे उठून दोन वर्षं एकच गोष्ट लिहिणारी मुलगी आहे, आणि तिने मोबाइलवरच्या सल्ल्यावर विश्वास ठेवायच्या आधी पान उलटून पाहिलं. एवढं त्यांना कळलं तरी पुरे.

त्याच सामायिक अर्जात साडेसहाशे शब्दांपर्यंतचा जो मोठा निबंध असतो, त्यातही हेच येऊ दे. पण त्यात शेतकऱ्यांची दैना, देशाची सेवा असलं काही ओढून आणू नकोस. काका काय म्हणाले, तू पहिल्या दिवशी काय लिहिलंस, कधी कंटाळा आला, कुठे चुकलीस, ते सांग. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला पत्र लिहिलं, त्यात प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करत नसू हे त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. का यायचं आहे तेवढं मात्र स्वच्छ सांगितलं होतं. १८८६ साली त्या तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. काळ वेगळा होता, गर्दी वेगळी होती, हे मला कळतं. तरी निबंध लिहायला बसशील तेव्हा ते पत्र मनात ठेव.

शिफारसपत्रं दोन शिक्षकांची लागतात. ‘अत्यंत हुशार व मेहनती विद्यार्थिनी’ असं मीही सुरुवातीला लिहायचे. नंतर कळलं की ते वाक्य वाचून कुणालाच काही दिसत नाही. तुझ्या ज्या सरांना किंवा मॅडमना ती वही माहीत आहे, किंवा वर्गात तू अडवून विचारलेला एखादा प्रश्न आठवतो, त्यांनाच विचार. माहीत नसेल तर वही घेऊन जा आणि दाखव. प्राचार्यांचं पत्र मोठ्या सहीचं असतं, पण त्यांनी तुला ओळखायला तर हवं! लवकर अर्जाची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला. सरांना सप्टेंबरमध्येच सांगून ठेव, दिवाळीच्या तोंडावर पळापळ नको.

इथल्या वाटा तू पत्रात एका शब्दानेही काढल्या नाहीस, याची मला जास्त काळजी वाटली. सीईटी दे. आयसरची, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची, प्रवेश परीक्षा दे. पुण्याचं आयसर तुझ्या घरापासून चार-पाच तासांवर आहे आणि तिथे पदवीच्या वर्षांतच प्रयोगशाळेत हात घालायला मिळतो. बेंगळुरूचं आयआयएससी, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था, बघ. तिथून शिकून पीएचडीला अमेरिकेतल्या याच विद्यापीठांत जाणारी मुलं आहेत, आणि विज्ञानातल्या पीएचडीला तिकडे सहसा फी माफ असून वर विद्यावेतन मिळतं. माझ्या वर्गातल्या दोन मुली अशाच गेल्या. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी गेल्या, आईबापांचा एक पैसा न लावता. व्हिसाचंही सध्या काही सांगता येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने हार्वर्डला परदेशी मुलं घ्यायलाच बंदी केली आणि दुसऱ्याच दिवशी कोर्टाने ती थांबवली. तेव्हा हाताशी इथली एक जागा असलेली बरी.

आता बाबा. त्यांच्याशी रविवारी बोल. आई शेजारी असू दे. लग्नात ते जे बोलले ते अभिमानाने बोलले, त्यावरून त्यांना ओशाळवाणं वाटेल असं काही बोलू नकोस. एवढंच म्हण, ‘बाबा, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलींना नकार येतो, त्यात मी असू शकते. आला तर तुम्ही माझ्यावर नाराज व्हाल का?’ हा प्रश्न तुझ्या तोंडून त्यांच्या कानावर पडू दे.

माझ्या भाच्याचं सांगते. तिकडच्या बऱ्याच मोठ्या विद्यापीठांचे निकाल मार्चअखेर तिथल्या संध्याकाळी सातला लागतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. त्या पहाटे तो माझ्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसला होता, कारण घरी वडिलांसमोर बघायची हिंमत नव्हती. पाच दारं उघडली, पाचही ठिकाणी नाही. मी दूध तापत ठेवलं होतं, ते उतू गेलं तरी दोघांनाही कळलं नाही. मग सहा वाजता त्याने वडिलांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, ‘मला वाटलंच, तू झोपला नसशील. मीही जागाच आहे. घरी ये, पोहे करतो.’ वर्षभर तो ज्या माणसाला घाबरत होता तो हाच. ते बोलणं आधीच्या जूनमध्ये झालं असतं तर पोराचं अख्खं वर्ष बरं गेलं असतं. तुझा जून अजून सरलेला नाही.

एक विचारायचं राहिलं. पान ओलं आहे की नाही एवढंच तू लिहितेस. ते किती वाजेपर्यंत ओलं राहतं ते लिहितेस का? डावणीचं बरंचसं गणित त्या तासांवर असतं. नाल्याकडे ऊन उशिरा पोचत असेल, किंवा वारा अडत असेल. ऑक्टोबर छाटणीनंतर नवी फूट आली की नाल्याकडच्या दोन आणि रस्त्याकडच्या दोन ओळींत पानं कोरडी व्हायची वेळ लिहायला लाग. क्लासच्या दिवशी काकांना लिहायला सांग. डिसेंबरमध्ये काय दिसलं ते मला कळव.

तुझी,
मावशी