तोल जातो तेव्हा: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. दिवसा छान चालते, पण रात्री बाथरूमला जाताना किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांड्या जातात. डोळे तपासले, ठीक आहेत. मग असं का?

उत्तर : मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, आतला कान आणि तळपाय-सांधे. आईंचे डोळे बाकीच्यांची उणीव भरून काढत असणार, म्हणून अंधारात किंवा डोळे मिटल्यावर ती उघडी पडते. १९व्या शतकात जर्मनीचे डॉ. रोम्बर्ग यांनी हेच हेरलं. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करण्याची त्यांची तपासणी आम्ही आजही करतो. घरी मात्र करून बघू नका, पडतील. मधुमेहात आणि बी-१२ कमी असल्यास तळव्यांची संवेदना बोथट होते, त्यामुळे या दोन्ही तपासण्या आधी करून घ्या.

पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा ठेवा. मऊ, जाड सपाता काढून टाका. त्यात पायाला जमीनच कळत नाही. आणि त्यांना भिंतीला बोटं लावून चालायला सांगा. नुसतं बोटाचं टोक टेकलं तरी डुलणं कमी होतं. एवढ्याशा स्पर्शाने वजन पेललं जात नाही, पण शरीर किती कललं हे मेंदूला त्वचेतून कळतं. हातात धरायला कठडा बसवलात तर उत्तमच.

प्रश्न : कानातला मळ पाण्याने काढताना गरगरलं. कानाला इजा झाली का?

उत्तर : बहुधा पाणी थंड होतं. थंड किंवा गरम पाण्याने आतल्या कानातला द्रव हलतो आणि डोकं स्थिर असूनही मेंदूला ते फिरतंय असं वाटतं. रॉबर्ट बारानी यांनी याचा उलगडा केला आणि आतल्या कानावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. पाणी अंगाइतकंच कोमट हवं. गरगर टिकली, कान दुखला किंवा ऐकू कमी आलं, तर लगेच दाखवा.

प्रश्न : घाटात मोबाइल बघताना मुलाला उलटी होते.

उत्तर : डोळ्यांना पडदा स्थिर दिसतो, कानाला वळणं जाणवतात. मोबाइल काढून घ्या, खिडकीतून लांबवर बघू द्या.

प्रश्न : कुशीवर वळलं की क्षणभर घर फिरतं. मानेचा पट्टा लावून महिने झाले.

उत्तर : ही तक्रार बहुतेकदा मानेची नसते. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरतात. एपली पद्धतीने डोकं ठराविक क्रमाने वळवून ते परत जागी आणता येतात, तेही काही मिनिटांत. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बोलणं अडखळत असेल, दुहेरी दिसत असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.