'वैध', 'विहित' आणि लफेव्र यांचे बिशप

प्रश्न असा आहे: परंपरावादी कॅथलिक आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९८८ मध्ये केलेले बिशपांचे अभिषेक 'अवैध' होते, असे मराठीत लिहिणे बरोबर आहे का; नसल्यास कोणता शब्द वापरावा?

बरोबर नाही, आणि तरीही हे सर्रास लिहिले जाते. ३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधील एकोन येथे लफेव्र यांनी पोपची आज्ञा नसताना चार धर्मगुरूंना बिशप केले, तेव्हा रोमने त्यांना बहिष्कृत ठरवले. परंतु ते चौघे बिशप झालेच नाहीत, असे रोमने कधीही म्हटले नाही. कॅथलिक परिभाषेत संस्कार 'व्हॅलिड' असणे म्हणजे तो प्रत्यक्षात घडणे, आणि 'लिसिट' असणे म्हणजे तो आज्ञेनुसार घडणे. एकोनचा अभिषेक घडला, पण आज्ञेविरुद्ध घडला.

घोळ 'वैध' या शब्दातच आहे. लॅटिन 'वालिदुस' हा 'वालेरे', म्हणजे बलवान असणे, या क्रियापदापासून आला आहे. आपला 'वैध' मात्र 'विधी'पासून झालेला असल्यामुळे व्युत्पत्तीने तो 'लिसिट'चाच प्रतिशब्द ठरतो. यावर काही जाणकार 'वैध, पण अविहित' अशी जोडी सुचवतात. विधी आणि विहित हे दोन्ही शब्द 'वि' उपसर्ग लागलेल्या 'धा' धातूचे आहेत, हे त्यांच्या ध्यानात कसे येत नाही, हे मला खरोखर कळत नाही. माझ्या मते 'सिद्ध, पण अविहित' असे म्हणावे.

खरे तर हा भेद आपल्याला परका नाही. मीमांसकांनी, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, नियमांचे 'क्रत्वर्थ' आणि 'पुरुषार्थ' असे दोन वर्ग केले: पहिल्याचा भंग झाला तर यज्ञच विगुण, म्हणजे सदोष, होतो, दुसऱ्याचा झाला तर दोष फक्त माणसाला लागतो. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या टीकेने हाच विचार धनार्जनाला लावून दाखवला. धर्मशास्त्रकार जीमूतवाहनाने वारसाहक्कावरील 'दायभाग' या ग्रंथात तर लिहून ठेवले की, शंभर वचनांनीही घडलेली वस्तू अन्यथा करता येत नाही: 'वचनशतेनापि वस्तुनोऽन्यथाकरणाशक्तेः'. इंग्रज न्यायाधीशांनी या तत्त्वाला 'फॅक्टम व्हॅलेट' (घडले ते टिकते) म्हटले, आणि त्यातला 'व्हॅलेट' म्हणजे तोच 'वालेरे'! १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, एकुलत्या एका मुलाचे दत्तकविधान ग्राह्य धरले, तेव्हा निषेध करणारी वचने उपदेशपर, बंधनकारक नव्हे, अशी मानली गेली. जीमूतवाहनाला एकोनचा खटला समजावून सांगायला पाच मिनिटेही लागली नसती.

ही कसोटी पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करून क्षमा मिळवण्याच्या संस्काराला, लावली की तिचे मोल कळते. लफेव्र यांच्या संघाच्या धर्मगुरूंची मिस्सा (मुख्य उपासनाविधी) सिद्ध, पण अविहित मानली जाई. त्यांनी दिलेली पापक्षमा मात्र, मृत्युसंकटासारखे प्रसंग वगळता, रोमच्या मते सिद्धच होत नसे, कारण पापक्षमेसाठी दीक्षेबरोबर अधिकारही लागतो. येथे अधिकाराचा नियम क्रत्वर्थ आहे. पोप फ्रान्सिस यांनी करुणेच्या वर्षासाठी तो अधिकार दिला आणि २०१६ मध्ये पुढेही चालू ठेवला.

पोपचे आसन रिक्त मानणारे परंपरावादी याच्याही पुढे जातात. त्यांचा आक्षेप सिद्धतेवरच आहे. बाराव्या पायस यांनी १९४७ मध्ये गुरुदीक्षेचे, म्हणजे धर्मगुरुपदाच्या दीक्षेचे, आवश्यक शब्द निश्चित केले होते. १९६८ च्या नव्या विधीत त्यांतला 'उत्' हा दोन अक्षरांचा लॅटिन शब्द गळला. 'उत्' म्हणजे 'जेणेकरून'. तो गेल्यामुळे पवित्र आत्मा आणि धर्मगुरुपद यांचा कार्यकारणसंबंध तुटला, म्हणून दीक्षाच घडत नाही, असे त्यांतील काहींचे म्हणणे आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही. पुढचे 'ओब्तिनेआन्त' हे क्रियापद विध्यर्थीच, म्हणजे इच्छा दाखवणाऱ्या रूपातच, राहिले आहे, त्यामुळे 'जेणेकरून त्यांना लाभावे' याऐवजी 'त्यांना लाभो' असा अर्थ होतो, आणि जे मागायचे ते दोन्ही वाक्यांत सारखेच मागितले जाते.