बोलायला उभं राहण्याआधी

प्रिय बाळा,

तुझं भाषण काल रात्री वाचलं आणि आज सकाळी पुन्हा वाचलं. 10 सप्टेंबरच्या आत्महत्या प्रतिबंध दिनाच्या कार्यक्रमात बोलायला तू होकार दिलास, याचा अभिमान वाटला आणि तितकीच काळजीही वाटली.

आधी एक विचारते. त्या रात्रीला आता चौदा महिने झालेत. हे लिहून झाल्यावर तुला झोप लागली का? पुढचे दोन-तीन दिवस जड गेले असतील, तर यंदा बोलू नकोस. तुझी गोष्ट तू कुणाला देणं लागत नाहीस. हा दिवस 2003 पासून दरवर्षी पाळला जातो, तो पुढच्या वर्षीही येईल. आयोजकांशी मी बोलेन.

बोलायचंच ठरलं, तर दुसरं पान काढून टाक. काय केलंस, कशानं, कुठे, यातली एक ओळही ठेवू नकोस.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्यांदा बोलले तेव्हा मी सगळं सांगितलं होतं. सभागृह चिडीचूप झालं आणि मला वाटलं, लोकांच्या काळजाला भिडलं. नंतर जिन्यात एक मुलगा थांबला होता. मी सावरले कशी, हे त्यानं विचारलंच नाही. त्याला हवे होते ते नेमके त्याच भागातले तपशील. त्याच्याशेजारी पायरीवर बसून मी सरळ विचारलं, 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?' तो बराच वेळ बुटाची नाडी बोटाला गुंडाळत, सोडवत राहिला आणि मग 'हो' म्हणाला. त्याचा भाऊ येईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. तो आज बरा आहे. पण मी स्टेजवरून त्याच्या हातात काय दिलं होतं, हे मला त्या पायरीवर कळलं.

हा एकटीचा अनुभव म्हणून सोडून देऊ नकोस. व्हिएन्नातल्या वर्तमानपत्रांनी 1987 मध्ये मेट्रोतल्या आत्महत्यांच्या बातम्या रंगवून छापणं थांबवलं, आणि तिथल्या घटना झपाट्यानं खाली आल्या. त्याच शहरातल्या संशोधकांनी 2010 मध्ये याची दुसरी बाजू मांडली. टोकाचा विचार मनात येऊनही माणूस त्यातून कसा सावरला, हे सांगणाऱ्या बातम्यांनंतर आत्महत्या घटल्याचं त्यांना दिसलं. या परिणामाला त्यांनी पापागेनोचं नाव दिलं. पापागेनो हा मोझार्टच्या 1791 च्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेरातला पक्षी पकडणारा. प्रेयसी कायमची गेली असं वाटून तो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं येऊन त्याला त्याच्याजवळच्या घंटांची आठवण करून देतात. मला त्यातलं आवडतं ते हेच, की घंटा आधीपासून त्याच्याकडेच होत्या. त्या घटकेला त्या त्याला आठवत नव्हत्या, एवढंच.

तुझ्या भाषणात मला ती घटका हवी आहे. तिसऱ्या पानावर तू 'मग ती वेळ निघून गेली' असं लिहून पुढे गेलास. बाळा, सगळं बोलणं तिथेच आहे! ऐकणाऱ्यांत जो आज त्या काठावर असेल, त्याला ती वेळ निघून जाते हेच खरं वाटत नाही. आपल्यालाही कुठे वाटत होतं? मन इतकं आक्रसतं की एकच दार दिसतं. अनेकांच्या बाबतीत निर्णय आणि कृती यांत तासाभराचंही अंतर नसतं. म्हणून तर घातक वस्तू हाताशी नसणं आणि शेजारी कुणीतरी असणं, एवढ्यानंसुद्धा जीव वाचतो. तेव्हा नीट सांग. कोण आलं? काय म्हणालं? तू काय उत्तर दिलंस? डोक्यातला आवाज लहान व्हायला किती वेळ लागला?

माझ्या पर्समधला कागद तू पाहिला आहेस. मन बिघडायला लागल्याच्या खुणा, तेव्हा मी एकटीनं काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, कुणाला खरं सांगायचं, कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा, घरातून काय हलवायचं. घड्यांवर फाटला म्हणून दोनदा चिकटपट्टी लावली आहे. एक नाव खोडून दुसरं लिहिलं, कारण ती मैत्रीण आता नाही. सोळा वर्षांत तो पाचदा उघडावा लागला. तुझा कागदही लोकांना लांबून दाखव. आपण पूर्ण बरे झालो असं सांगण्यापेक्षा, पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं ते आपल्याला माहीत आहे, हे सांगणं जास्त खरं. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. हे मात्र ठणकावून सांग.

आता एक अवघड गोष्ट. 'घरच्यांच्या प्रेमानं मला वाचवलं,' हे तुझं शेवटचं वाक्य. तुझ्यापुरतं ते खरं आहे. पण समोर फक्त आपल्यासारखे नसतील. ज्यांचं माणूस गेलंय, तेही असतील. एका कार्यक्रमानंतर एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, 'आमचं प्रेम कमी पडलं का हो?' पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट पिळून धरलं होतं. त्यांनीही जीव तोडून प्रेम केलं होतं. तेव्हापासून मी ते वाक्य म्हणत नाही. 'त्या रात्री बहिणीनं सरळ विचारलं आणि मी खरं सांगितलं,' असं म्हण. ते दुसऱ्या कुणालाही करता येतं. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, हेही तिथेच सांगून टाक.

शब्दही जरा बघ. 'अयशस्वी प्रयत्न' काढ. जगण्यात अपयश कसलं? 'भ्याडपणा' तू स्वतःबद्दल लिहिला आहेस, तोही काढ. सभागृहातला कुणीतरी तो शब्द आधीच स्वतःला लावून बसलेला असेल.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर शेवटी दोनदा, सावकाश सांग. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा फोन केलास तेव्हा तू दोनदा कट केला होतास ना? ते सांग, पुष्कळांना धीर येईल.

प्रश्नोत्तरांत कुणी 'कसं केलंत' विचारलंच, तर 'ते मी सांगत नाही' एवढं म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. कारण द्यायची गरज नाही.

नवा मजकूर गुरुवारपर्यंत पाठव. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत डावीकडच्या टोकाला बसेन. बोलता बोलता थांबावंसं वाटलं, तर कागद पालथा ठेव. मी उठून माइक घेईन.

तुझी,
ताई