मृतदेह मिळाला नाही म्हणून सात वर्षे थांबू नका

आपल्या बहिणीचे यजमान परदेशात ज्या विमानात होते ते डोंगरकड्यावर आदळले, कोणीही वाचले नाही, हवामानामुळे शोधकार्य थांबले, त्यांच्या अवशेषांची ओळख पटलेली नाही आणि मृत्यूच्या दाखल्यासाठी येथील कार्यालयात गेल्यावर ‘सात वर्षांनी या’ असे सांगण्यात आले, असे आपण लिहिले आहे. माझ्या थोरल्या भावाच्या विमान अपघातानंतर आम्हालाही अक्षरशः हेच उत्तर मिळाले होते आणि अपघाताखालोखाल त्या उत्तरानेच आमच्या घराचे सर्वाधिक नुकसान केले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. दूतावासाला कळवणे, तिकीट आणि पारपत्राच्या प्रती जपणे हे आपण केलेच असेल. मी वकील नाही. हे सारे एका नातेवाइकाचे आकलन समजावे आणि सही करण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

सात वर्षांचा नियम पूर्वीच्या पुरावा कायद्यात कलम १०८ मध्ये होता आणि आता तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १११ मध्ये आहे. ज्यांना एखाद्या माणसाची खबर स्वाभाविकपणे लागली असती, त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो हयात असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते, एवढाच त्याचा आशय आहे. घर सोडून निघून गेलेल्या माणसासाठी तो योग्यच आहे. परंतु प्रवाशांच्या यादीत नाव आहे, विमान कोसळल्याची जागा सापडली आहे आणि कोणीही वाचले नसल्याचे तेथील सरकारने जाहीर केले आहे, तेव्हा मृत्यूचा पुरावा समोरच असतो. २०२१ मध्ये चमोलीच्या पुरात बेपत्ता झालेल्यांना मृत मानून दाखले देण्यासाठी सात वर्षे थांबावे लागले नाही. मलेशियाचे एमएच ३७० विमान मार्च २०१४ मध्ये नाहीसे झाले, तेव्हा तर अवशेषही हाती नव्हते; तरीही तेथील सरकारने २९ जानेवारी २०१५ रोजी त्यातील सर्वांना मृत मानल्याचे जाहीर केले.

आमच्या त्या कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही. तेथे दर खेपेला नवा माणूस, नवा अर्ज आणि तेच उत्तर मिळत असे. शवविच्छेदनाचा अहवाल आणा, असेही एकदा सांगण्यात आले. बर्फाखाली असलेल्या माणसाचा अहवाल कोठून आणायचा, यावर समोर मौन. खरा संताप मात्र पुढच्या गोष्टीचा आहे. मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते, आणि परदेशात मृत्यू पावलेल्या भारतीय नागरिकाच्या बाबतीत तेथील यंत्रणेकडून कागद घेऊन आपल्या दूतावासामार्फत नोंदणी करता येते. ‘हे आमच्या अधिकारात नाही, दूतावासाकडे जा’ एवढे एक वाक्य पहिल्याच दिवशी कोणी उच्चारले असते, तर वहिनींच्या हेलपाट्यांचे एक संपूर्ण वर्ष वाचले असते. म्हणून तोंडी उत्तर मुळीच स्वीकारू नका. अर्जाची पोच घ्या आणि नकार कोणत्या कलमाखाली आहे ते लेखी मागा. दूतावासाकडूनही काम झाले नाही, तर मृत्यू झाल्याच्या घोषणेसाठी दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो.

ही घाई दाखल्यापुरती नाही. प्रवास आंतरराष्ट्रीय असेल तर बहुधा १९९९ चा माँट्रियल करार, म्हणजे प्रवाशांना विमान कंपनीने द्यायच्या भरपाईविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतो. भारत २००९ पासून त्यात आहे. त्याच्या कलम ३५ प्रमाणे विमान पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा दाखल केला नाही, तर भरपाईचा हक्कच संपुष्टात येतो, आणि कार्यालयाने सात वर्षे थांबायला सांगितले होते ही सबब तेथे चालेल असे समजू नये. आमचा बहुतेक काळ त्या कार्यालयातच गेल्यामुळे शेवटी विमान कंपनीने देऊ केलेल्या रकमेवर सही करण्यावाचून वहिनींपुढे मार्ग उरला नाही. अपघात तपासाच्या अंतिम अहवालासाठीही थांबू नका, असे माझे ठाम मत आहे. तो तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, दोष ठरवणे हा त्याचा हेतू नसतो, आणि अंतिम अहवालाला वर्षाहून अधिक काळ सहज लागू शकतो.

डोंगरात उडणारी विमाने पुष्कळदा लहान आणि देशांतर्गत असतात, म्हणून तिकीट नीट पाहा. तो टप्पा एकाच आंतरराष्ट्रीय प्रवासाचा भाग म्हणून ठरलेला असेल तर करार त्यालाही लागू होऊ शकतो. तिकीट स्वतंत्रपणे काढलेले असेल तर त्या देशाचा कायदा पाहावा लागतो, आणि त्यातील रक्कम फारच कमी असू शकते. २८ डिसेंबर २०२४ पासून करारातील मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन) आहे. तेवढ्या सिद्ध झालेल्या नुकसानीपर्यंत स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता असा बचाव विमान कंपनीला घेता येत नाही. त्यापुढील रकमेसाठी मात्र घेता येतो. तातडीची मदत म्हणून दिलेल्या रकमेच्या पावतीत ‘अंतिम तडजोड’ असे शब्द असतील तर सही करू नका.

अवशेषांविषयी लिहिणे जड जाते, पण आवश्यक आहे. डीएनए नमुना शक्यतो आई-वडिलांचा किंवा मुलांचा द्यावा. भावंडांचा तुलनेने कमी उपयोगी पडतो. यजमानांच्या दातांच्या उपचारांची कागदपत्रे आणि क्ष-किरण चित्रे असतील तर तीही पाठवा. पुढे आणखी काही सापडल्यास दर वेळी कळवावे की नाही, हे घरात आधीच ठरवून लेखी द्या. १९६८ मध्ये रोहतांगजवळ कोसळलेल्या हवाई दलाच्या विमानातील चौघांचे अवशेष २०२४ मध्ये मिळाले. हिमनदीच्या प्रदेशात असे होऊ शकते. आमच्या वहिनींनी ‘कळवू नये’ असे लिहून दिले आणि मला ते पटले. आपल्या बहिणीला वेगळे वाटू शकते.

शेवटी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. आल्प्समधील २०१५ च्या जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या अपघातानंतर मृत्यूच्या दाखल्यांवर नावांच्या लेखनात चुका निघाल्या आणि शवपेट्या मायदेशी पाठवणे लांबले. तेथील कागद हाती येताच नावाचे प्रत्येक अक्षर पारपत्राशी ताडून पाहा आणि चूक दिसली तर ती तेथेच दुरुस्त करून घ्या.